कडवळाच्या फुटव्याने कालवड गेली: जी ज्वारी आपण रोज खातो, तिच्यात हे विष येते कुठून?

सीनाकाठ (मोहोळ तालुका, जि. सोलापूर) | १४ एप्रिल, रात्री ९.२०

नमस्कार. गेल्या मंगळवारी आमची पहिलारू कालवड, सहा महिन्यांची गाभण, तासाभराच्या आत डोळ्यांदेखत गेली. तिच्याबरोबर तोच चारा खाल्लेली म्हैस मात्र वाचली. दुःख तर आहेच, पण डोक्यातले कोडे सुटल्याशिवाय उरलेल्या चाऱ्याला हात लावण्याचे धाडस होत नाही, म्हणून घडले ते जसेच्या तसे लिहितो.

विहिरीच्या अंगाला दहा गुंठे कडवळ, म्हणजे हिरव्या चाऱ्यासाठीची ज्वारी, आम्ही जानेवारीत पेरले होते. मार्चअखेर पहिली कापणी झाली, लगेच एक पाणी दिले आणि फुटवा जोमाने यावा म्हणून युरिया टाकला. त्यानंतर विहिरीने तळ दाखवला आणि दुसरे पाणी देता आले नाही. फुटवे वीत-दीड वीत वाढून जागच्या जागी थांबले. सकाळी हिरवेगार दिसत आणि दुपारी त्यांची पाने सुरळीसारखी गुंडाळत. सोमवारी भावकीत लग्न होते, त्या गडबडीत जनावरांना रात्रीची वैरण अपुरी पडली. मंगळवारी सकाळी दोन्ही जनावरे दावी तोडून कडवळात शिरली, आणि आईच्या लक्षात येऊन तिने ती हाकलून आणेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे गेली असावीत.

कालवड गोठ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आली. दारात आल्यावर तिचा श्वास भात्यासारखा चालू लागला, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, मागचे पाय लटपटले आणि ती डाव्या कुशीवर पडली. पोट फुगत चालले होते. मी तिचे तोंड धरून ओठ वर केला तेव्हा हिरड्या पांढऱ्या पडलेल्या असतील असे वाटले होते, पण त्या पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या लालभडक होत्या, आणि तो रंग अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पशुवैद्य शेजारच्या गावात दुसऱ्या जनावराकडे होते. ते पाऊण तासात पोहोचले, पण कालवड त्याआधीच संपली होती. म्हशीचाही श्वास वाढला होता आणि अंग थरथरत होते. तिला त्यांनी शिरेतून दोन औषधे दिली, पोटातून कसलेसे पाणी पाजले, आणि संध्याकाळपर्यंत ती रवंथ करू लागली. डॉक्टरांनी “फुटव्याची विषबाधा” एवढेच सांगितले. आमची नव्वदीतली आजी ओसरीवरूनच “किराळ लागली” म्हणाली होती, म्हणजे हा प्रकार तिच्या पिढीला नवा नव्हता.

माझ्या मनात बसत नाही ते असे, की याच ज्वारीची भाकरी आम्ही दोन्ही वेळा खातो, जानेवारीत शेजारच्या वावरात आगटी पेटवून आम्ही पोटभर हुरडा खाल्ला, कडबा तर जनावरे वर्षभर खातात, आणि मार्चमध्ये याच कडवळाची पहिली कापणी याच कालवडीने आठ-दहा दिवस खाल्ली होती. मग तीन आठवड्यांत त्याच मुळांवर विष कोठून उगवले? म्हैस कशी वाचली? आणि आता त्या दहा गुंठ्यांचे काय करावे? चारा विकत घेण्याची ऐपत नाही असे नाही, पण यंदा पेंढीचा भाव ऐकूनच छातीत धस्स होते.

निवृत्त पशुवैद्य (पंढरपूर) | १५ एप्रिल, सकाळी ७.०५

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदानाबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. हे सायनाइड आहे, म्हणजेच हायड्रोसायनिक आम्ल. आपल्या डोळ्यांसमोरून न हलणारा तो लाल रंग हीच त्याची मोठी खूण. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशीच्या आत तो वापरणारे जे शेवटचे विकर (एन्झाइम) असते, त्याच्यातील लोहाला सायनाइड जाऊन चिकटते आणि पेशी प्राणवायू घेऊच शकत नाही. परिणामी, शिरांतून परतणारे रक्तही धमनीतल्या रक्तासारखे लाल राहते. जनावर हवेत उभे असते, छाती भात्यासारखी चालत असते, आणि तरीही आतून गुदमरत असते. पुरेशी मात्रा पोटात गेली तर दहा-पंधरा मिनिटांत लक्षणे दिसतात आणि पुढच्या काही मिनिटांपासून एक-दोन तासांत निकाल लागतो. लक्षणे दिसल्यानंतर दोन तास तग धरलेले जनावर बहुधा वाचते.

मात्रेचा हिशेब सांगतो, म्हणजे म्हशीचे उत्तर आपोआप मिळेल. गाई-म्हशींत एक किलो वजनामागे साधारण २ मिलिग्रॅम सायनाइड प्राणघातक धरतात. आपली कालवड ३०० किलोची धरली तर तिला ६०० मिलिग्रॅम पुरे. हिरव्या चाऱ्यात दर किलोला २०० मिलिग्रॅम ही आपल्याकडे धोक्याची रेषा मानली जाते. त्या रेषेवरचा चारा तीन किलो खाल्ला की मात्रा पूर्ण झाली, आणि पाण्याविना आखडलेल्या, युरिया खाल्लेल्या फुटव्यात प्रमाण या रेषेच्या बरेच वर जाऊ शकते. आपली म्हैस ५०० किलोच्या आसपास असेल तर तिला १००० मिलिग्रॅम लागणार. त्यातही, जनावराच्या यकृतात या विषाला गंधक जोडून त्याचे थायोसायनेट करणारे विकर असते आणि ते थायोसायनेट लघवीवाटे बाहेर टाकले जाते. म्हणजे विष शरीर रिकामे करतच असते, पण त्या कामाला वेग असतो, मर्यादा असते. तेवढाच चारा दिवसभरात थोडा थोडा पोटात गेला असता तर कदाचित नुसती सुस्ती येऊन भागले असते. भुकेली, तरुण, अधाशी कालवड आणि सावकाश खाणारी थोराड म्हैस यांच्यात फरक पडला तो येथे.

आपल्या डॉक्टरांनी दिलेली दोन इंजेक्शने म्हणजे बहुधा सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट. पहिले औषध रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचे रूप पालटते, आणि ते पालटलेले रूप सायनाइडला पेशीतल्या विकरापासून आपल्याकडे ओढून घेते. दुसरे औषध यकृताला हवे असलेले गंधक पुरवते. पोटातून पाजले तेही थायोसल्फेटच असावे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पेटीतले हे औषध संपले की आम्ही फोटो स्टुडिओतून ‘हायपो’ मागून आणत असू. फोटो धुण्यासाठी वापरत तोच हा क्षार. आता स्टुडिओही गेले आणि हायपोही गेला.

एक गोष्ट बजावून सांगतो, कारण दुष्काळी चाऱ्यात हमखास घोटाळा होतो. अशाच सुकलेल्या, युरिया जास्त झालेल्या चाऱ्यात नायट्रेटचीही विषबाधा होते. तीही झटपट मारते आणि वरवर दिसतेही तशीच, पण तिच्यात रक्त चॉकलेटसारखे तपकिरी होते. तेथे सोडियम नायट्राइट टोचले तर ते आगीत तेल ओतल्यासारखे होईल. म्हणून ऐकीव माहितीवर घरी इंजेक्शन देऊ नये. जनावर पडलेले असताना नळीने किंवा बाटलीने गूळपाणी, ताक, तेल असले काही घशात ओतू नये. ते फुफ्फुसात जाते आणि विषातून वाचलेले जनावर न्यूमोनियाने दगावते. चारा तोंडासमोरून काढावा, जनावर सावलीत हलके उभे किंवा छातीवर बसते ठेवावे आणि फोनवर “फुटवा खाल्ला आहे” हे शब्द आवर्जून उच्चारावेत, म्हणजे डॉक्टर योग्य औषध बरोबर घेऊन निघतील.

परीक्षानळी (सोलापूर शहर) | १५ एप्रिल, दुपारी १.४०

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. विष कोठून उगवले, या प्रश्नावर लिहितो, कारण त्याचे उत्तर चकित करणारे आहे: आपल्या कडवळात तयार सायनाइड नव्हतेच. ते कालवडीच्या तोंडात तयार झाले.

ज्वारीच्या पानात धुरिन नावाचे एक द्रव्य असते. टायरोसिन या अमिनो आम्लापासून वनस्पती ते बनवते आणि साखरेचा एक रेणू जोडून निरुपद्रवी रूपात बांधून ठेवते. हे धुरिन पानाच्या वरच्या सालीतील पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे साठवणीच्या पिशव्यांमध्ये, साठवलेले असते, आणि त्याला फोडणारे विकर आतल्या पेशींच्या हरितलवकांमध्ये. दोघे शेजारी असूनही एकमेकांना भेटत नाहीत. दाताखाली पान चिरडले की मधल्या भिंती फुटतात, विकर धुरिनवर तुटून पडते, साखर सुटते आणि पाठोपाठ सायनाइड मोकळे होते. गाई-म्हशींच्या पहिल्या पोटात ओल, ऊब आणि सूक्ष्मजीव असल्याने उरलेसुरले कामही तेथे झपाट्याने पूर्ण होते. घोडा किंवा डुक्कर यांच्या पोटात आम्ल जास्त असल्याने विकराचा जोर तेथे ओसरतो, म्हणून रवंथ करणारी जनावरेच या विषाला अधिक बळी पडतात. धुरिन हे नावही ज्वारीवरूनच आले. डन्स्टन आणि हेन्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ साली इजिप्तमधील ज्वारीच्या कोवळ्या रोपांतून हे द्रव्य वेगळे केले, आणि ज्वारीला अरबी भाषेत असलेल्या ‘धुरा’ या नावावरून त्याचे बारसे केले.

आता वयाचा भाग. धुरिन सर्वांत जास्त असते ते नुकत्या उगवलेल्या रोपात. अंधारात वाढवलेल्या कोंबाच्या शेंड्यात ते कोरड्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत मोजले गेले आहे. रोप वाढते तसे नवे धुरिन बनणे मंदावते आणि असलेले पसरून विरळ होते. कापणीनंतर फुटलेला फुटवा मात्र जुन्या मुळांवर उगवूनही नव्या रोपासारखाच वागतो. त्याचे वय शून्यापासून पुन्हा सुरू होते. म्हणजे मार्चमध्ये आपल्या कालवडीने खाल्ले ते दोन महिन्यांचे पीक होते आणि एप्रिलमध्ये खाल्ले ते तीन आठवड्यांचे, तेही खुंटलेले. वनस्पतीच्या दृष्टीने धुरिन हे किडीपासून संरक्षण आहे, तशीच ती नत्राची तिजोरीही आहे. युरियामुळे नत्र मुबलक मिळाले आणि पाण्याअभावी वाढ थांबली, तर ते नत्र नवी पाने बनवण्यात खर्च न होता मोठ्या प्रमाणात तिजोरीतच जाऊन बसते.

आपली हरकत नसेल तर चार-पाच फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे पाठवावेत. पिक्रेटच्या कागदाची एक जुनी, साधी चाचणी आहे, ती करून पाहू.

मालदांडी (मंगळवेढा) | १५ एप्रिल, रात्री ८.१५

डॉक्टरांचा आणि सरांचा मान राखून थोडे वेगळे लिहितो. आमच्या घरात चाळीस वर्षे जनावरे आहेत आणि उन्हाळी कडवळाचा दुसरा, कधीकधी तिसरा फुटवाही ती खातात; आजवर एकही जनावर दगावलेले नाही. अशी चर्चा वाचून लोक ज्वारीलाच विषारी म्हणू लागतील याची मला धास्ती वाटते. आधीच मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळूनही पेरा ऊस आणि मक्याकडे सरकतो आहे. आमची रब्बीची मालदांडी तर आम्ही कापतही नाही, मुळासकट उपटतो. मागे धसकट राहत नाही, त्यामुळे वळवाच्या पावसाने फुटवा येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वाडवडिलांनी ही पद्धत काही उगाच पाडली नसेल.

दुसरे असे, की धुरिन हे जर किडीपासून संरक्षण असेल, तर खोडमाशी नेमकी कोवळ्या रोपालाच कशी लागते? पहिल्या महिन्यात पोंगे मरतात ते तिच्यामुळेच. मग त्या विषाचा पिकाला उपयोग काय?

निवृत्त पशुवैद्य (पंढरपूर) | १६ एप्रिल, सकाळी ६.५०

मालदांडी अण्णा, आपली जनावरे वाचली यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि ती का वाचली असावीत हेही आपल्याच लिहिण्यात कोठेतरी दडलेले असेल. आपण फुटवा केवढा झाल्यावर कापता, त्याला पाणी मिळालेले असते का, आणि तो नुसता घालता की कडब्याबरोबर कुट्टी करून?

मालदांडी (मंगळवेढा) | १६ एप्रिल, दुपारी १२.३०

कंबरेच्या वर आल्याशिवाय विळा लावत नाही. पाणी कॅनॉलचे असते, त्याची ओढ सहसा बसत नाही. सकाळी कापून दुपारपर्यंत उन्हात पसरतो आणि निम्म्याला निम्मा कडबा घालून कुट्टी करतो. नुसता हिरवा चारा घातला तर जनावरे हगवणीला लागतात म्हणून. विषाचा विचार करून नव्हे, एवढे कबूल करतो.

निवृत्त पशुवैद्य (पंढरपूर) | १६ एप्रिल, दुपारी १.१०

मग हे कोडे येथेच सुटले. आपण हगवणीसाठी जे करता त्यानेच विषाचाही बंदोबस्त होतो: वय वाढलेले, पाण्याचा ताण नाही, कडब्यामुळे मात्रा निम्मी आणि पोटात जाण्याचा वेग कमी. पण दुपारपर्यंतच्या उन्हावर सगळी भिस्त ठेवू नका. चारा सुकताना काही सायनाइड उडून जाते हे खरे, परंतु अखंड पान सावकाश वाळले तर धुरिन आणि विकर एकमेकांना नीट भेटतच नाहीत, आणि बरेचसे धुरिन वाळल्या पानातही टिकून राहू शकते. कडबा निर्धोक असतो याचे मुख्य कारण तो पक्व पिकाचा असतो हे आहे. वाळलेला असणे हे कारण दुय्यम. वीतभर फुटवा वाळवला म्हणजे त्याचा कडबा होत नाही.

सीनाकाठ, आपल्या दहा गुंठ्यांसाठी माझा सल्ला असा. टँकरने का होईना, दोन पाणी देणे परवडत असेल तर द्या आणि पीक निसवून फुलोऱ्यात येईपर्यंत तेथे जनावर फिरकू देऊ नका. एक ध्यानात ठेवा, की पाणी मिळाल्यावर पहिले काही दिवस कोवळी पाने नव्याने फुटतात आणि धोका उलट वाढतो. हिरवेपणा पाहून फसू नका. पाणी नसेल तर कुट्टी करून मुरघास, म्हणजे हिरवा चारा हवाबंद दाबून आंबवणे, हा दुसरा मार्ग आहे. आंबवण्याच्या क्रियेत आणि खड्डा उघडल्यावर बरेच सायनाइड वायुरूपाने निघून जाते. दीड-दोन महिने मुरू द्यावे, उघडल्यावर थोडा वेळ हवेला ठेवावे आणि आधी थोडेच घालून पाहावे. ऑस्ट्रेलियात ज्वारीवर मेंढ्या चारणारे लोक गंधक मिसळलेले मीठ चाटायला ठेवतात, त्यामागचे कारण वर सांगितलेले यकृताचे गंधकच आहे. पण ते नित्याच्या चराईसाठी, अशा खुंटलेल्या फुटव्यासाठी नव्हे.

परीक्षानळी (सोलापूर शहर) | १६ एप्रिल, रात्री ९.००

खोडमाशीचा प्रश्न मला आवडला. संरक्षण म्हणजे अभेद्य किल्ला असा अर्थ घेऊ नये. ज्या किडीने हजारो वर्षे ज्वारीवरच गुजराण केली, ती त्या विषाला सरावते. अनोळखी तोंडांना मात्र ते पुरेसे नडते. शिवाय वर म्हटल्याप्रमाणे पिकाला ते नत्राचा साठा म्हणूनही उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियात जवळजवळ धुरिनरहित ज्वारीचा एक वाण उत्परिवर्तनातून मिळवला गेला आहे. तो जगतो, वाढतो, पण सुरुवातीची त्याची वाढ जरा मंद असते.

जवसचटणी (सोलापूर शहर) | १७ एप्रिल, सकाळी १०.४५

मी घरगुती पिठे, चटण्या आणि लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करून विकते. ही चर्चा वाचताना माझ्या हातातले काम थांबले, कारण गेल्या महिन्यापासून दोन-तीन ग्राहक “नाचणीप्रमाणे ज्वारीलाही मोड आणून सत्त्व करून द्या” असे मागत आहेत आणि मी पाच किलो ज्वारी भिजत घालण्याच्या बेतात होते. सर म्हणतात त्याप्रमाणे कोंबात धुरिन सर्वांत जास्त असेल, तर मोड आलेली ज्वारी बाळाच्या वाटीत घालणे कितपत योग्य? आणि जवसाबद्दलही असेच काही ऐकले होते, ते खरे आहे का? हुरड्याविषयीही लिहावे, आमच्याकडे पाहुणे आले की हुरडा, गूळ आणि शेंगाचटणी यांच्याशिवाय पाहुणचार होत नाही.

परीक्षानळी (सोलापूर शहर) | १९ एप्रिल, सायंकाळी ६.३०

ताई, आपला प्रश्न वेळेवर आला, कारण सीनाकाठ यांनी फुटवे पाठवले होते आणि चाचणीची मांडणी तयारच होती. मी त्यात आपल्यासाठी एक नळी वाढवली. चार नळ्या घेतल्या. पहिलीत पाठवलेल्या फुटव्यांची वरची पाने कात्रीने बारीक करून, दुसरीत आमच्या शिपाईमामांच्या घरचा कडबा, तिसरीत बाजारातल्या ज्वारीचे पीठ, आणि चौथीत त्याच ज्वारीला ओल्या फडक्यात आणलेले बोटाच्या पेरापेक्षा लांब कोंब. प्रत्येकीत थोडे पाणी आणि दोन थेंब टोल्युइन घातले, आणि सोडियम पिक्रेटमध्ये भिजवलेली पिवळी पट्टी आत लोंबती ठेवून बूच लावले. सायनाइड वायू २६ अंशांनाच उकळतो, त्यामुळे सोलापूरच्या एप्रिलात नळी गरम करण्याची गरजच पडली नाही.

फुटव्याच्या नळीतील पट्टीची कड पाच-सहा मिनिटांत नारिंगी झाली, आणि अर्ध्या तासाने अख्खी पट्टी विटेसारखी तांबडी. कोंबांची पट्टी तिच्या मागोमागच गेली. पीठ आणि कडबा यांच्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी सकाळीही पिवळ्याच होत्या. ही चाचणी आकडा देत नाही, केवळ मोकळा झालेला वायू दाखवते, हे ध्यानात असू द्यावे. आणि पिक्रिक आम्ल कोरडे झाल्यास स्फोटक असते, त्यामुळे हा प्रयोग कोणीही घरी करू नये.

तेव्हा ज्वारीला मोड आणून बाळाला देऊ नये, हे मी निःशंकपणे सांगतो. नाचणीच्या मोडांना हा धोका नाही, म्हणून एकीची कृती दुसरीला लावता येत नाही. आफ्रिकेत ज्वारीचे मोड आणून पीठ करतात, पण तेथे कोंब आणि मुळ्या चोळून पूर्ण काढून टाकाव्या लागतात, कारण विष त्यांच्यातच असते. आपल्याला इतका खटाटोप करण्याचे कारण नाही. भाजून दळलेली ज्वारी बाळाला उत्तम.

हुरड्याच्या बाबतीत थोडी गंमत आहे. दाणा भरत असताना त्यात धुरिन काही प्रमाणात तयार होते, आणि पिकताना वनस्पती स्वतःच ते मोडून त्यातले नत्र वापरून टाकते. म्हणून वाळलेल्या दाण्यात ते जवळजवळ उरत नाही. हुरड्याच्या दाण्यातले प्रमाण पानांच्या मानाने किरकोळ, आणि आगटीत भाजल्याने विकर निकामी झालेले असते. आपण एका बैठकीत किती हुरडा खातो आणि शरीर किती पचवते याचा हिशेब मांडला तर भीतीला जागा नाही. जवसातही सायनाइड देणारी द्रव्ये आहेत, पण चटणीसाठी जवस खमंग भाजला जातो आणि चमचा-दोन चमचेच खाल्ला जातो. कच्च्या जवसाची पूड मूठभर खाण्याचे जे नवे वेड आहे त्याला मात्र आवर घालावा.

आणि उपवासाचा साबुदाणा? तो ज्या कसाव्याच्या कंदापासून तमिळनाडूत सेलमच्या भागात बनतो, त्या कंदात लिनामारिन नावाचे धुरिनचेच भावंड असते. कंद किसून, भरपूर पाण्यात धुऊन, पिष्ट (स्टार्च) निवळून, भाजून साबुदाणा होतो तोवर ते पाण्याबरोबर निघून गेलेले असते. ही धुलाई घाईत उरकली तर काय होते ते १९८१ साली मोझांबिकमध्ये दिसले. दुष्काळात लोकांनी कडू कसावा नीट न मुरवता, न वाळवता खाल्ला आणि हजाराहून अधिक माणसांचे, त्यातही स्त्रिया आणि मुले यांचे, पाय कायमचे लुळे पडले. त्या रोगाला कोंझो म्हणतात. अन्नात प्रथिने कमी, म्हणून शरीरात गंधक कमी, आणि म्हणून सायनाइडचा निचरा कमी, अशी ती साखळी होती. दुष्काळ, भूक आणि घाई हे तिन्ही सीनाकाठ यांच्या गोठ्यातही त्या सकाळी हजर होते.

जवसचटणी (सोलापूर शहर) | १९ एप्रिल, रात्री ८.५०

आभारी आहे. भिजवण्यासाठी काढलेली ज्वारी परत डब्यात भरली आणि त्या ग्राहकांना तसे कळवलेही. एकीने “मोबाइलवर तर सगळे करतात” असे उत्तर दिले. तिला सरांनी सांगितलेल्या पट्टीचा रंग सांगितला, मग ती गप्प झाली.

सीनाकाठ (मोहोळ तालुका, जि. सोलापूर) | २६ एप्रिल, रात्री ९.४०

सर्वांचे मनापासून आभार. सरांनी ती तांबडी पट्टी पाकिटात घालून माझ्याकडे पाठवली. ती मी आजीला दाखवली. तिने ती उजेडात धरून पाहिली आणि सांगितले, की तिच्या सासरी पाऊस ताणला की बांधावरच्या खुरट्या जोंधळ्याजवळून जनावर नेताना तोंडाला मुसके बांधत. मी विचारले, हे आधी का नाही बोललीस, तर म्हणाली, तुम्ही कडवळ पेरताना मला कुठे विचारले होते.

टँकरचा खर्च झेपणारा नव्हता. तीन गडी लावून सगळे फुटवे मुळासकट उपटले, कुट्टी केली आणि थोडे गुळाचे पाणी शिंपडून प्लास्टिकच्या पिशव्यांत दाबून मुरघासाला ठेवले. पिशव्यांवर तारीख लिहिली आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्याआधी एकही उघडणार नाही, आणि उघडण्याआधी त्यातली मूठभर कुट्टी सरांच्या नळीत जाईल. डॉक्टरांनी विचारले नव्हते, तरी सांगतो, की म्हशीचे दूध पहिले चार दिवस आम्ही उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून ओतून दिले, आणि आता ती पूर्वीइतकेच देते.

एक प्रश्न मालदांडी अण्णांना. पुढच्या वर्षी कडवळाऐवजी तेथे मका किंवा बाजरी घ्यावी असे घरात चालले आहे. बाजरीत धुरिन नसते असे सरांनी फोनवर सांगितले, पण दुष्काळात नायट्रेटचा धोका तिलाही असतोच म्हणाले. आपल्या अनुभवात उन्हाळी बाजरीचा हिरवा चारा किती पाण्यावर येतो?

मालदांडी (मंगळवेढा) | २७ एप्रिल, सकाळी ६.१५

जमीन भारी असेल तर पेरणीचे धरून पाच पाणी पुरतात, आमच्याकडे तरी. पण दहा गुंठ्यांतले निम्मे कडवळच ठेवा, आणि कापणी झाली की धसकटे उपटून टाका. फुटव्याचा लोभ धरू नका. बियाणे मी देतो, मंगळवेढ्याला या.